गावची पुळण मोजायची कशी: खूण ठोकण्यापासून वादळानंतरच्या मापापर्यंत

ऑगस्टमध्ये हमखास फोन येतो, "सर, आमचा किनारा गेला." सोबत दोन फोटो. मेमधल्या फोटोत सुरूच्या बनापुढे ऐसपैस वाळू, आणि कालच्या फोटोत त्याच सुरूच्या मुळांशी लाटा. मी विचारतो, मागच्या ऑगस्टचं माप आहे का? नसतं.

कोकणातली पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, दर पावसाळ्यात उतरते. जून ते सप्टेंबरच्या लाटा वाळू ओढून समोरच पाण्याखाली बांधासारखी रचतात आणि ऑक्टोबरपासून त्यातली बरीचशी हळूहळू वर येते. पुढच्या मेपर्यंत ती सगळी परत आली की थोडी कमी पडली, धूप झाली की नाही ते यावरून ठरतं. म्हणून मेचं माप मेशीच ताडायचं आणि ऑगस्टचं ऑगस्टशी. शाळा, महाविद्यालयं आणि तरुण मंडळं मला मापाच्या वह्या पाठवतात. त्यातल्या निम्म्याअधिक वाया जातात. कारण आकडे चुकलेले असतात असं नाही. एका वहीतला आकडा दुसऱ्या वहीशी ताडताच येत नाही. खूण बदललेली, रेषा सरकलेली, ओहोटी वेगळी.

खाली दिलेली पद्धत दोन काठ्यांची आहे. के. ओ. एमरी या भूशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. महागडं यंत्र लागत नाही, मात्र टप्प्यांचा क्रम मोडला की सगळं मोडतं.

टप्पा १: खूण

मोजणीतली एक उंची कायमची धरायची असते. तिला खूण म्हणू. पुढची दहा वर्षं प्रत्येक आकडा तिच्यापासून निघणार, म्हणून पहिला अख्खा दिवस खूण शोधण्यात गेला तरी चालेल.

चालतील अशा जागा: देवळाचं जुनं जोतं, विहिरीचा पक्का कठडा, जुन्या घराची चिऱ्याची पायरी, खडकाचा उघडा माथा. न चालणाऱ्या जागा नेमक्या त्याच, ज्या लोक आधी निवडतात. माड नको, कारण बुंध्याशी मुळं वाळू उचलतात आणि वादळात माड आडवा होतो. विजेचा खांब नको. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर किती खांब जागेवर उभे होते, ते आठवून पाहा. शहाळ्याच्या टपरीचा कोबा नको. आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा दगड तर अजिबात नको.

ही शेवटची चूक मी स्वतः केली आहे. बंधाऱ्याच्या एका मोठ्या दगडावर लाल रंगाची फुली मारली आणि वर्षभर तिथून मोजलं. पावसाळ्यानंतरच्या मापात वाळू सगळीकडे अकरा सेंटिमीटरनं वाढलेली निघाली. आनंद झाला. मग लक्षात आलं की मर्यादवेलीच्या (वाळूवर पसरणाऱ्या वेलीच्या) जाळीखालची, वर्षानुवर्षं न हललेली वाळूसुद्धा बरोबर अकरानंच वाढली होती. वाळू वाढलीच नव्हती, दगड खचला होता. वर्षाची वही गेली.

म्हणून खुणा दोन करा. दुसरी, म्हणजे साक्षीची खूण, पहिलीपासून वीस-तीस मीटरवर, वेगळ्या बांधकामावर हवी. दोघींच्या उंचीतला फरक लेव्हल पाइपनं (गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, टप्पा ६ पाहा) मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. खुणेवर छिन्नीनं बारीक खाच पाडा, मालकाला विचारून. रंग दोन पावसाळ्यांत जातो.

> तपासा: दर मोजणीआधी दोन खुणांमधला फरक पुन्हा घ्या. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त बदल दिसला तर मोजणी थांबवा. कोणती खूण हलली ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खुणेचे फोटो तीन बाजूंनी काढून ठेवा. मोबाइलवरच्या जीपीएसचा आकडा लिहा, पण तो खूण शोधायला. तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होणाऱ्या आकड्यावर माप बसवता येत नाही.

टप्पा २: रेषा

खुणेपासून समुद्राकडे किनाऱ्याला काटकोनात एक सरळ रेषा धरायची आणि दर वेळी तिच्यावरूनच उतरायचं. "साधारण तिथूनच गेलो होतो" हे चालत नाही. पुळण लांबून सपाट दिसते, पण पाच मीटर बाजूला सरकलात की पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) मुखाचा खळगा लागू शकतो.

रेषा धरायला मागे दोन उभ्या गोष्टी हव्यात, एकीमागे एक. उदाहरणार्थ, जवळ खुणेवर उभी केलेली काठी आणि मागे देवळाच्या कळसाचं टोक. खाली उतरताना मागे वळून पाहायचं. दोन्ही एका रेषेत दिसत असतील तर तुम्ही रेषेवर आहात. होकायंत्राची दिशाही लिहून ठेवा, पण मोबाइलच्या होकायंत्रावर सगळा भरवसा नको. कव्हरला चुंबक असेल तर दिशा भलतीच दाखवतो.

नदीचं किंवा खाडीचं मुख, जेटी आणि बंधाऱ्याचं टोक यांच्यापासून शक्य तितकं लांब राहा. तिथली वाळू वेगळ्याच कारणांनी हलते. आणि वेळास किंवा आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यावर मोजणार असाल, तर घरटी राखणाऱ्या मंडळींना रेषा आधी दाखवा. कुंपणाच्या आत काठी टेकायची नाही.

टप्पा ३: साहित्य

दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या. अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप उत्तम. सुरूची काठी ओली होऊन वाकते. दोन्ही काठ्यांना कापडी टेप चिकटवा, शून्य वर, आकडे खाली वाढत जाणारे. हे उलटं केलंत तर दर वाचनाला वजाबाकी करावी लागते आणि चाळीस वजाबाक्यांत एक चुकतेच. काठीच्या तळाला तळहाताएवढी फळी स्क्रूनं लावा. ती नसली तर ओल्या वाळूत काठी दोन-तीन सेंटिमीटर रुतते, तेही प्रत्येक माणसाच्या हाताच्या जोराप्रमाणे.

दोन काठ्यांमधलं अंतर धरायला बहुतेक जण नायलॉनची दोरी घेतात. ती भिजली की ताणते. त्यापेक्षा दोन मीटरची हलकी पट्टी घ्या आणि तिच्यावर गवंड्याकडची छोटी बुडबुड्याची लेव्हल बांधा.

याशिवाय कपड्याचे चार चिमटे, ओळंबा, पेन्सिल (पेनाची शाई खाऱ्या हवेत पसरते), जाड पुठ्ठ्याची वही आणि तीन माणसं. दोघांत होत नाही. दोघांत करायला गेलं की वहीवाल्याला काठी धरावी लागते, आकडे लक्षात ठेवून नंतर उतरवले जातात आणि तिथेच गडबड होते.

टप्पा ४: दिवस आणि वेळ

बहुतेक गट दुपारी जेवायच्या आधी, बाराच्या ओहोटीला पोहोचतात. या किनाऱ्यावर दुपारी बाराची ओहोटी ही भांगाचीच, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, असते, आणि भांगाला पाणी पुरेसं उतरत नाही. हे पाऊणकीवरून सहज कळतं. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनला. अष्टमीला सहाला, म्हणून ओहोटी बाराच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, त्यामुळे उधाणाची खोल ओहोटी साधारण साडेपाचला येते, पहाटे आणि संध्याकाळी. खालची पुळण पाहायची तर याच वेळा.

पाऊणकी दिवस ठरवण्यापुरती. नेमकी वेळ आणि उंची तुमच्या जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्या. मुंबईचं कोष्टक घेऊन मालवणला मोजू नका. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपासच राहतो. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, जास्त उतरणारी निवडा. सर्वांत मोठं उधाण बहुधा पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं, त्या दिवशी जमलं तर अधिक चांगलं.

ओहोटीच्या दीड तास आधी खुणेपाशी हजर राहा. वरून खाली मोजत जाता जाता पाणीही तुमच्यापुढे उतरत जाईल.

> थांबा: जून ते सप्टेंबरमध्ये ओल्या वाळूच्या कडेपर्यंतच जा. एरवीही गुडघ्याच्या वर पाण्यात काठी नेऊ नका. शेवटच्या दोन वाचनांसाठी कोणी वाहून जाऊ नये.

महिन्यातून एकदा मोजलं तर उत्तम. ते जमणार नसेल तर मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी, वर्षातून दोनदा तरी.

टप्पा ५: मोजणी

आता खरं काम. मागची काठी खुणेच्या बाजूला, पुढची समुद्राच्या बाजूला, मध्ये दोन मीटरची पट्टी. पट्टी आडवी, लेव्हलमध्ये हवी. उतारावर वाळूला समांतर धरलीत तर अंतर कमी भरतं. दोन्ही काठ्या ओळंब्यात उभ्या.

मागचा माणूस आपल्या काठीमागे वाकून पुढच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहतो. डोळा वर-खाली करत पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिजाची रेघ एकमेकांना टेकली की तिथेच डोळा थांबवायचा आणि त्या पातळीला आपल्या काठीवर चिमटा लावायचा. काठीवरचं शून्य वर असल्यानं चिमट्याचा आकडा म्हणजे थेट उतार. चिमटा १८वर आला तर पुढची जागा अठरा सेंटिमीटर खाली. वहीत वजा १८.

वाळू समुद्राकडे चढत असेल, म्हणजे मध्ये उंचवटा असेल, तर उलट करायचं. मागचा माणूस आपल्याच काठीच्या टोकावरून क्षितिज पाहतो आणि क्षितिज पुढच्या काठीला कुठे छेदतं ते पुढच्याला चिमटा सरकवायला लावून वाचतो. हा आकडा अधिक.

वजा-अधिकचं चिन्ह विसरणं ही या टप्प्यातली सर्वांत महाग चूक. एक चिन्ह उलटं पडलं की तिच्यापुढची सगळी पुळण दुप्पट फरकानं वर किंवा खाली जाते. म्हणून वाचणारा आधी "उतार" किंवा "चढ" म्हणतो, मग आकडा.

आकडेही तोडून सांगा. वाऱ्यात "सात" आणि "साठ" एकच ऐकू येतात, "एकोणीस" आणि "एकोणतीस"ही. "उतार, दोन-सहा" असं म्हणायचं. वहीवाल्यानं तेच मोठ्यानं परत म्हणायचं आणि मगच लिहायचं. हे पोरकट वाटतं, पहिल्या दिवशी सगळे हसतात. माझ्याकडे आलेल्या एका वहीत सात मीटरवर ६० सेंटिमीटरचा कडा होता. फोटोत तिथे टेबलासारखी सपाट वाळू.

वाचन झालं की मागची काठी उचलून नेमकी पुढच्या काठीच्या जागी ठेवायची. पुढची काठी उचलण्याआधी तिच्या फळीशेजारी वाळूत टाचेनं रेघ ओढा. पाऊल मात्र त्या जागेवर पडू देऊ नका, नाहीतर स्वतःच केलेल्या खळग्यात काठी ठेवाल. उतार एकदम बदलत असेल, समजा लाटांनी कापलेला कडा असेल, तर दोन मीटरची वाट पाहू नका. कड्याच्या माथ्यावर एक आणि पायथ्याशी एक वाचन घ्या आणि अंतर वेगळं लिहा.

वाटेत दिसेल ते शेऱ्यात टिपा: झाडोरा कुठे संपला, काल रात्रीच्या भरतीची काटक्या-शेवाळाची ओळ कुठे आहे, ओली वाळू कुठून सुरू होते. वर्षभरानं हेच शेरे आकड्यांना साक्ष देतात.

> तपासा: खालच्या टोकाला पोहोचल्यावर त्याच रेषेनं उलट मोजत खुणेपर्यंत या. बघायचं मात्र समुद्राकडेच. चाळीस टप्प्यांच्या रेषेवर दोन फेऱ्यांत पाच सेंटिमीटरपर्यंत फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी पुन्हा.

एक शंका दर वेळी निघते. क्षितिज आपल्या डोळ्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असतं, मग सगळंच चुकत नाही का? थोडं चुकतं. ऐंशी मीटरच्या रेषेवर एकूण उतार काही सेंटिमीटरनं कमी भरतो. पण ही चूक दर महिन्याला जवळपास तेवढीच येते, त्यामुळे दोन महिन्यांतला फरक काढताना ती गळून पडते.

टप्पा ६: क्षितिज दिसत नसेल तर

पावसाळी झड, हिवाळ्यातलं सकाळचं धुरकट किंवा समोर डोंगराचं नाक. मग लोक समोरचा किनारा, नांगरलेली होडी, नाहीतर लांबच्या लाटेची पांढरी कड क्षितिज म्हणून धरतात. खाडीच्या मुखाशी समोरच्या तीराची पाण्याची रेघ खऱ्या क्षितिजाच्या बरीच खाली असते. ती धरलीत तर उतार कमी भरतो, आणि किती कमी ते जागेगणिक बदलतं.

अशा वेळी गवंड्याचा लेव्हल पाइप घ्या. आठ-दहा मीटर पारदर्शक नळी, आत पाणी, दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू. दोन्ही टोकं काठ्यांना लावून धरा, अंगठे काढा, पाणी थांबू द्या आणि दोन्हीकडे पाण्याची पातळी जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. आकड्यांतला फरक म्हणजे उतार. नळीत बुडबुडा राहिला तर पाच-सहा सेंटिमीटरची फसगत सहज होते. भरल्यावर नळी उन्हाकडे धरून टोकापासून टोकापर्यंत पाहून घ्या. एकाच रेषेत अर्धं क्षितिजावर आणि अर्धं पाइपवर मोजलंत तर ते वहीत लिहा.

टप्पा ७: हिशेब

घरी आल्यावर, त्याच दिवशी. खुणेला १०.०० मीटर अशी सोयीची उंची द्या, म्हणजे वजा आकडे येत नाहीत. समजा जोत्यावरच्या खुणेपासून खालची वाळू ६२ सेंटिमीटर खाली आहे, तर रेषेची सुरुवात ९.३८. पुढे:

२ मीटर: उतार ४, उंची ९.३४
४ मीटर: उतार ७, उंची ९.२७
६ मीटर: चढ ३, उंची ९.३०
८ मीटर: उतार २१, उंची ९.०९
१० मीटर: उतार २६, उंची ८.८३

पडताळा सोपा आहे. सगळ्या चढ-उतारांची बेरीज वजा ५५, आणि ९.३८मधून ०.५५ गेले की ८.८३. जुळलं.

दोन महिन्यांचे आलेख एकाच कागदावर काढा, दोन रंगांत, आणि त्यांच्यामधलं क्षेत्रफळ काढा. समजा तीस मीटर लांबीत वाळू सरासरी ४० सेंटिमीटर उतरली, तर किनाऱ्याच्या दर मीटर रुंदीला १२ घनमीटर गेली. ग्रामसभेत घनमीटर सांगून कोणी मान हलवत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. दर मीटरला सव्वाचार ब्रास म्हणा, ज्यानं कधी घर बांधलंय त्याला लगेच कळतं.

फक्त एवढं पाहा की वरची वाळू गेली तेव्हा खालच्या टोकाला ती वाढलेली आहे का. पुष्कळदा वरून उतरलेली वाळू खाली सपाट पसरलेली असते. वरच्याच भागाचा हिशेब मांडून "एवढी वाळू गेली" म्हणणं अर्धवट. आणि दोन मापं वेगवेगळ्या अंतरापर्यंत गेली असतील तर दोन्हींत सामाईक आहे तेवढ्याच लांबीचा हिशेब करा.

टप्पा ८: वादळाच्या आधी आणि नंतर

नियमित वही चालू असेल तरच या टप्प्याला अर्थ आहे. वादळाची बातमी आल्यावर नवी रेषा आखणारे गट मी पाहिलेत. खूण कोरडी व्हायच्या आत वारा सुटतो.

हवामान खात्याचे वादळाचे इशारे टप्प्याटप्प्यानं येतात. खराब हवामान सुरू होण्याच्या किमान ४८ तास आधी दक्षतेचा आणि २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा. आधीचं माप दक्षतेच्या टप्प्यात उरकायचं. २४ तासांचा इशारा आल्यावर किनाऱ्यावर काठी न्यायची नाही, ओहोटी कितीही चांगली असली तरी.

इशाऱ्याच्या पत्रकातल्या दोन गोष्टी सर्रास चुकीच्या वाचल्या जातात. पहिली, वादळी फुगवटा आणि लाटा एकच समजणं. निसर्गच्या वेळी मुंबई-ठाणे-रायगडसाठी एक ते दोन मीटर फुगवट्याचा इशारा होता, "नेहमीच्या भरतीच्या पातळीवर". म्हणजे समुद्राची पातळीच तेवढी वर येणार आणि लाटा तिच्या डोक्यावर. लाटांचा आकडा वेगळा असतो, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या अंदाजात जी लाटांची उंची देतात ती सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही येऊ शकते.

दुसरी, भरतीची वेळ न पाहणं. निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरजवळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. द्वादशी संपून त्रयोदशी लागलेली. पाऊणकीनं भरती नऊ ते पावणेदहाची, म्हणजे वादळ पोहोचलं तेव्हा पाणी ओसरत होतं. तेच वादळ तीन तास आधी आलं असतं तर तोच फुगवटा भरलेल्या समुद्रावर चढला असता. पत्रक हातात आलं की किनाऱ्यावर येण्याची वेळ आणि भरतीची वेळ एकाखाली एक लिहा.

आपलं गाव वादळाच्या कोणत्या बाजूला आहे, तेही पाहा. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. पश्चिमेकडून किनाऱ्यावर चढणाऱ्या वादळाच्या दक्षिणेकडच्या गावांत वारा समुद्राकडून येतो आणि पाणी आत ढकलतो. उत्तरेकडच्या गावांत तो जमिनीकडून समुद्रात जातो. तिथे पाण्याच्या खुणा मिळाल्या नाहीत तर मोजणीत खोट शोधत बसू नका.

वादळ ओसरलं, रस्ता मोकळा झाला, तुटक्या तारांची भीती गेली, की पहिल्याच ओहोटीला रेषा मोजा. आधी खुणांचा पडताळा. आणि त्याच दिवशी पाणी कुठवर चढलं होतं ते नोंदवा. साफसफाई सुरू झाली, एक जोरदार सर येऊन गेली, की पाण्याच्या खुणा पुसल्या.

पाण्याची खूण वाचताना:

बंद खोलीच्या आतल्या भिंतीवरची गाळाची रेघ सर्वांत विश्वासाची, कारण आत लाट उसळत नाही. कुंपणाच्या तारेला किंवा केवड्याच्या जाळीत अडकलेलं गवत लाटेच्या उसळीनं वर गेलेलं असतं, ते वेगळ्या रकान्यात. चिऱ्याच्या भिंतीवरची ओल मोजू नका. चिरा पाणी वर ओढतो, आणि तासागणिक ओल चढत जाते. रेघ शोधायची ती गाळाची, कचऱ्याची. आणि पाणी समुद्राचं होतं की पऱ्ह्यातून आलेलं गोडं, हे घरच्यांना विचारा. खारं असेल तर वाळल्यावर भिंतीवर मीठ फुटतं आणि आठवड्याभरात परसातल्या पानांच्या कडा करपतात.

प्रत्येक खुणेवर खडूनं आडवी रेघ, तारीख, मोजपट्टीसकट फोटो. मग लेव्हल पाइपनं ती उंची आपल्या मूळ खुणेला जोडायची.

> थांबा: घरच्यांना "पाणी किती आलं होतं?" विचारलंत तर हात कमरेशी जातो. "कुठल्या पायरीपर्यंत?", "चूल भिजली का?", "पंपाच्या पेटीत पाणी शिरलं का?" असं विचारा. पायरी मोजता येते.

टप्पा ९: खूण कोष्टकाशी जोडणं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग वादळाचा फुगवटा किती होता ते सांगता येत नाही. भरती-ओहोटीच्या कोष्टकातल्या उंच्या सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजलेल्या असतात. तुमचे १०.०० मीटर मनचे. दोन्ही थेट वजा केलेत तर उत्तर निरर्थक.

डिसेंबर ते फेब्रुवारीतला वारा पडलेला दिवस घ्या. उघड्या पुळणीवर नाही, तर जवळच्या जेटीवर किंवा खाडीच्या मुखाच्या आत, जिथे पाणी हेलकावत नाही. भरतीच्या आधी अर्धा तास ते नंतर अर्धा तास दर पाच मिनिटांनी पाणी खुणेच्या किती खाली आहे ते लिहा. सर्वांत वरचं वाचन कोष्टकाशी ताडा. समजा कोष्टक २.१ मीटर म्हणतं आणि पाणी खुणेच्या २.९ मीटर खाली होतं, तर तुमची खूण कोष्टकाच्या मापात ५.० मीटरवर. असे चार-पाच दिवस करून सरासरी घ्या. एखादा दिवस वीस-तीस सेंटिमीटर वेगळा निघाला तर तो आणखी एकदा मोजा.

आता वादळ. भिंतीवरची गाळाची रेघ खुणेच्या १.२ मीटर खाली सापडली, म्हणजे कोष्टकाच्या मापात ३.८. पाणी चढलं त्या वेळी कोष्टकातली भरती २.४ होती, तर नेहमीपेक्षा १.४ मीटर पाणी जास्त आलं. वेळ नक्की कळली पाहिजे, कारण भरती तासाभरातच बरीच उतरते. वीज किती वाजता गेली हे सगळ्यांना आठवतं, तिथून पुढे-मागे विचारत जा.

हा १.४ मीटर निव्वळ फुगवटाच असं लिहू नका. हवेच्या कमी दाबानं दर हेक्टापास्कलला (हे दाबाचं एकक) साधारण एक सेंटिमीटर पाणी उचललं जातं. उरलेलं वाऱ्यानं ढकललेलं आणि फुटणाऱ्या लाटांनी किनाऱ्याशी साचवलेलं. एका भिंतीवरच्या रेघेतून हे वेगळं करता येत नाही. वहीत "भरतीवर जादा पाणी" एवढंच लिहा आणि खूण आतली होती की बाहेरची ते सोबत.

वही दोन प्रतींत ठेवा. एक शाळेत, एक खुणेच्या घरमालकाकडे, कारण पोरं दहावी होऊन जातात, शिक्षकांच्या बदल्या होतात आणि पुढच्या गटाला नेमकी कोणती खाच ते कळत नाही. काठ्या गोड्या पाण्यानं धुऊन ठेवा. टेपचा तळाकडचा भाग पहिल्यांदा सुटतो, पुढच्या अमावास्येला निघण्याआधी दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून आकडे जुळतात का पाहा.